माहेरचा गूळ

१९७८ सालच्या उन्हाळ्यात बोरगावात अर्ध्या भाकरीवर ठेवलेला मष्णू फुगत गेला, आणि त्याच साली जूनमध्ये बेळगावात पोटभर जेवणारा मष्णू मरायला टेकला.

मष्णू तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचा बाप भरमू गावाजवळच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीवर मुकादम होता. तरुणपणी तो कुस्ती खेळला होता, आणि त्या काळातले मान, खांदे व राग त्याने जसेच्या तसे राखले होते. वखारीत बायका तंबाखू कुटत आणि चाळत. ती धूळ भरमूच्या धोतरातून, पटक्यातून, मिशीतून रोज संध्याकाळी घरात येई. त्या घरात लहानगा मष्णू काडीसारखा वाढला. उशीला टेकून बसायचा, छातीचा भाता चालू असायचा, आणि आजी नागुबाई त्याच्या पाठीला तेल चोळत राहायची. मग दोन वर्षांमागे हा दम एकाएकी थांबला. नागुबाई म्हणाली, देवीची कृपा. तिची थोरली लेक जयाबाई बेळगावात मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत असे. तिने सांगितले की पुष्कळ मुलांचा दमा वयाबरोबर आपोआप ओसरतो. हे विधान सर्वसाधारणपणे खरे होते. या एका मुलाच्या बाबतीत ते खरे आहे की नाही, हे जयाबाईने तपासून पाहिले नव्हते.

दम थांबला आणि पोर अंगाने भरू लागले. पहिले वर्षभर घरात त्याचे कौतुकच झाले. शेजारणी गाल ओढून जात, सुलाबाई, म्हणजे मष्णूची आई, दृष्ट काढून मीठमोहऱ्या चुलीत टाकी. पण भरणे थांबेना. गाल सुजल्यासारखे गोल आणि तांबडे झाले, मानेमागे मांसाचा गोळा आला, पोट चड्डीवरून ओघळू लागले. कोरडी भाकरी आणि खर्डा खाणाऱ्या वस्तीत असे पोट झाकून राहत नाही. वखारीतल्या बायका मुकादमाला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागल्या.

"मुकादमाच्या पोराचं प्वाट बघितलंसा का गं? आमच्या हजऱ्या गिळून गिळून केवढं झालंय!"

"अगं, हळू बोल. ढेकर दिली तर आपलीच हजेरी भाईर येईल."

भरमूने आयुष्यात कुणा बाईची अर्ध्या दिवसाची हजेरी, म्हणजे मजुरीदेखील मारली नव्हती. वखारीच्या मुकादमांत ही गोष्ट दुर्मीळ होती, आणि त्याचा सगळा ताठा तिच्यावरच उभा होता. आता त्याचे स्वतःचे पोर रस्त्याने चालत त्याच्याविरुद्ध साक्ष देत फिरत होते. दिवाळीला आलेल्या बहिणीपुढे त्याने हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा जयाबाई म्हणाली होती, "भरमू, हवेतनं मांस येत न्हाय. पोरगं कुठंतरी खात असणार, बघ."

भरमूला एवढे पुरले. मष्णूला दोन्ही वेळा अर्धी भाकरी ठरली. पहाटे तालमीत जोर, बैठका, आणि मैदानाला फेऱ्या. जिथे पोर थांबेल तिथे पट्टा. हा पट्टा वखारीतल्या चाळणीच्या यंत्राचा होता. तुटला म्हणून टाकून दिलेला भरमूने घरी आणून खुंटीला लावला होता.

मे महिन्यात जयाबाई सुट्टीला बोरगावात आली, ती नेमकी याच पट्ट्याच्या आवाजात अंगणात शिरली.

आवाज गोठ्यातून येत होता. मष्णू म्हशीच्या दावणीपाशी गुडघ्यांवर बसला होता आणि भरमूने त्याचा जबडा डाव्या हाताच्या चिमटीत धरला होता. उजव्या हाताची दोन बोटे त्याने पोराच्या तोंडात घातली आणि आतली पेंड उकरून काढली. पेंडीबरोबर रक्त आले.

"आक्का, बरी आलीस!" भरमू म्हणाला. "तूच म्हणालतीस न्हवं, हवेतनं मांस येत न्हाय? ह्ये बघ कुठनं येतंय! म्हशीचं खातंय कुत्रं!"

पट्टा पाठीवर बसला, मग मांड्यांवर, मग कुठेही. मष्णू पळाला नाही, ओरडलाही नाही. जयाबाईला जे दिसले ते तिला पुढे कितीतरी दिवस पुसता आले नाही: दोन फटक्यांच्या मधल्या वेळात पोर तोंडात उरलेली पेंड चावत होते.

सुलाबाई घरातून धावत आली आणि पोरावर आडवी पडली. भरमूने तिला दंडाला धरून उचलले आणि फेकले. तिचे डोके खुंट्यावर आपटले, कपाळ फुटले. म्हैस बिचकून दाव्याला हिसके देऊ लागली. तेवढ्यात जयाबाईने पट्ट्याचे टोक पकडले. भरमूने ते ओढून घेतले, आणि पट्ट्याच्या लोखंडी खिळ्याने तिच्या तळव्याचे कातडे सोलून नेले.

"सोड, आक्का!"

"आदी मला मार. मग पोराला मार."

"तुजं काय जातंय? वखारीत बायका तोंडावर थुंकत्यात माज्या. तू यितीस ऐकायला?"

"पोरगं मेल्यावर काय म्हणतील त्या, त्याचा इचार केलास का रं?"

भरमूने पट्टा दावणीत फेकला आणि तो बाहेर गेला. जाताना त्याने अंगणातली घागर लाथेने उडवली. ती भिंतीवर आपटून चेपली.

जयाबाईने पोराला न्हाणीत नेले आणि आपला संधिवाताचा उजवा गुडघा सावरत त्याच्या जखमा धुतल्या. ती दयेने भारावून गेली नव्हती असे नाही, परंतु हात जखमा धूत असताना डोळे आपले काम करीत होते. शाळेच्या चड्डीची कमर दोनदा उसवून सोडलेली होती. लांबी मात्र दोन वर्षांपूर्वीचीच होती आणि तरी ती गुडघ्याला नीट येत होती. म्हणजे पोर रुंद झाले होते, उंच झाले नव्हते. पोट एवढे सुटलेले, आणि हातपाय मात्र पूर्वीसारखेच काटकुळे. पोटावर जांभळे रुंद ओरखडे होते, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. आणि काळेनिळे डाग नको तिथेही होते.

"हितं कशानं लागलं रं?" कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावून तिने विचारले. पट्टा तिथे पोचण्यासारखा नव्हता.

"काय न्हाय, आत्ती. दप्तर अडकिवलं हुतं."

दप्तराच्या बंदाने माणसाला डाग पडत नाही. जयाबाईने हे मनात नोंदले, पण त्याला जागा सापडली नाही.

"खरं सांग. कुठं कुठं खातोस?"

"भूक लागती आत्ती. प्वाट भरलं तरी लागती." मग तोंड पुसत, "पेंड लई बरी लागती. गोड असती."

चुलीपाशी नागुबाई सुनेच्या कपाळाला हळद लावीत होती. जयाबाईने विचारले, "आई, ह्याला काय औषध-बिषध चालू हाय का?"

"न्हाय बाई," म्हातारी म्हणाली आणि निखारे पुढे ओढू लागली.

संध्याकाळी भरमू परत आला तो शांत होता, आणि त्याचे शांत असणे घराला जास्त भिववी. जयाबाईने त्याच्यापुढे गोष्ट मांडली. शाळा उघडली की मष्णूला बेळगावला नेते, माझ्या डोळ्यांसमोर ठेवते, मी खाईन तेच त्याला घालते. चोरून खाण्याला तिथे म्हैसही नाही.

"ने," भरमू म्हणाला. "बारीक झालं तर आणून सोड. न्हाय झालं, तर त्याचा एक पाय म्या मोडतो. सैपाकघरापतूर पोचायलाच नगं."

हे बोलणे रागाचे नव्हते. वखारीतली पोती कुठे रचायची हे सांगावे तसे त्याने सांगितले, आणि म्हणूनच जयाबाईला ते पुरेपूर खरे वाटले. पोर कशाने फुगते हे शोधून काढायचे, नाहीतर हा माणूस त्याला लुळा करणार.

निघताना नागुबाई बसपर्यंत आली. तिने नातवाच्या पिशवीत फडक्यात बांधलेले काहीतरी सरकवले आणि त्याच्या कानाशी लागली. बस अर्ध्या वाटेवर आल्यावर जयाबाईने पिशवी उघडली. आत गुळाचे खडे होते, सुपारीएवढे, हाताने वळल्यासारखे, रंगाने जरा राखाडी.

"आज्जीनं काय सांगितलं रं?"

"रोज सकाळी एक खा म्हणली. कुणाला दावू नगंस म्हणली."

जयाबाईला हसू आले. बापाचे बंधन आणि आजीचे चोरटे लाड, आणि मधल्यामधे पोराचे वजन! कोडे निम्मे सुटल्यासारखे वाटून तिने फडके स्वतःच्या पिशवीत टाकले. गूळ बंद.

तो तिने फेकून मात्र दिला नाही. माहेरून आलेला गूळ कुणी उकिरड्यावर टाकत नाही. तिच्या भागात अशी एकही बाई तिला ठाऊक नव्हती, आणि शास्त्राची पदवी घेतल्याने ती याला अपवाद झाली नव्हती. बेळगावच्या शहापूर भागातल्या आपल्या खोलीत तिने तो डब्यात भरला आणि रोज सकाळी चहात एक खडा घालू लागली. गूळ कडवट होता. गुऱ्हाळावर काहील करपली असेल, राख पडली असेल, असे तिने ठरवले.

पहिले दोन दिवस मष्णू भरपूर जेवला. कुणी मारीत नाही हे त्याला खरे वाटेना. ताट पुढे येताच तो आधी दाराकडे बघे. तिसऱ्या दिवसापासून त्याचे जेवण घटले. तो दिवसभर भिंतीला टेकून बसू लागला. जयाबाईला वाटले, पथ्य लागू पडते आहे. मग त्याला जुलाब सुरू झाले, पोटात कळा येऊ लागल्या. एका सकाळी तो उठून उभा राहिला आणि कापडाची घडी मोडावी तसा खाली आला. अंग गार, कपाळाला घाम, ओठ पांढरे. पाणी पाजले ते उलटून पडले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही हातांवर शिरा शोधल्या. रक्तदाब मिळता मिळत नव्हता, रक्तातली साखर तळाला गेली होती. सलाईन लावूनही दाब चढेना.

"कसल्या गोळ्या चालू होत्या का? आठवून सांगा, बाई."

"नाही. मी घरी विचारलं होतं. कसलंही औषध नाही."

"साध्या जुलाबाने मूल इतकं खचत नाही," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी आपल्याला कळत नाहीये."

निपाणीच्या वखारीत फोन केला. दुपारी भरमू, सुलाबाई आणि नागुबाई दवाखान्यात पोचले. खाटेवर पडलेले पोर भरमूने पाहिले. त्याचा हात सहज पोराच्या गालावर गेला आणि तो गाल गार लागल्यावर त्याने हात मागे घेतला. मग तो व्हरांड्यात आला.

"काय घातलंस माज्या पोराला?"

"भरमू, ऐक..."

त्याने तिच्या अंबाड्यात हात घातला आणि तिचे डोके भिंतीवर आपटले. पहिल्या ठोक्याला चष्मा गेला. दुसऱ्याला पुढचा दात तुटून ओठात रुतला. "चांगलं चालतं फिरतं पोरगं न्हेलंस! म्या मारत हुतो, पर जित्तं हुतं! मारून मारून जित्तं हुतं!" त्याने तिला ढकलले आणि ती उजव्या गुडघ्यावर फरशीवर कोसळली. दोन वॉर्डबॉय आणि एक पेशंटचा नातेवाईक असे तिघे भरमूला लोंबकळले; त्यातल्या एकाला त्याने कठड्यावरून खाली झाडांत टाकले. उरलेल्या दोघांनी आणि धावत आलेल्या चौथ्याने मिळून त्याला जमिनीवर दाबून धरले, आणि एकाने त्याच्या बरगडीत लाथा घातल्या.

जयाबाई उठून उभी राहिली. तोंडातले रक्त तिने पदरात थुंकले. आणि उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आले की ती कशाचाही आधार न घेता उठली आहे.

तो उजवा गुडघा संधिवाताने सात-आठ वर्षे धरलेला होता. तिला मांडी घालता येत नसे. सुपारी पडली तरी वाकताना कळ येई. आताच तो दगडी फरशीवर आपटला होता, आणि दुखत नव्हता. ओठ दुखत होता, डोके दुखत होते, तळव्याची जुनी जखम ठणकत होती. गुडघा दुखत नव्हता. तिने मागे जाऊन आठवले. तो या आठवड्यात दुखलाच नव्हता. तिला भूकही बेताबाहेर लागत होती; परवा तिने उभ्याउभ्या तीन भाकरी खाल्ल्या होत्या आणि पोराच्या काळजीने असे होत असेल असे मानले होते.

तिच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या होत्या. ती बरी झाली होती आणि मष्णू खचला होता. मष्णूच्या तोंडून निघून तिच्या तोंडात गेलेली वस्तू एकच होती.

"आई," ती म्हणाली, आणि बोलताना दाताचा तुकडा बाहेर पडला, "त्या गुळात काय हुतं?"

नागुबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने तोंडाला पदर लावला.

"आई, पोरगं चाललंय. गुळात काय घालत हुतीस?"

"मला इचारू नगंस गं. सांगितलं तर गुण जातो."

सुलाबाईने आजवर या सासूपुढे मान वर केली नव्हती. तिने म्हातारीचे दोन्ही खांदे धरले आणि भिंतीवर आपटले, एकदा, दोनदा. "सांग! रांडे, माजं पोरगं मरतंय, सांग!" म्हातारीचे पांढरे केस सुटले, हातातली काचेची बांगडी फुटून मनगटात घुसली. ती रडत होती, पण ओठ मिटूनच. "सांगितलं तर दम परत यील. दुप्पट यील. बोलून दिलंय त्येनं. मग माज्या बाळाचा सासच बंद हुईल गं..."

जयाबाईने भावजयीचे हात सोडवले. नाव घेतले की औषधाचा गुण जातो, हे त्या म्हातारीने पन्नास वर्षे मानले होते, आणि दोन वर्षे त्याचा पडताळाही घेतला होता: तिने नाव घेतले नव्हते, आणि दम परतला नव्हता. हा समज खोडून काढण्याएवढा वेळ खाटेवरच्या पोराजवळ नव्हता.

"नाव घिऊ नगंस," जयाबाई म्हणाली. "काय बी सांगू नगंस. निस्तं दाव."

 दाखवू नये असे नागुबाईला कुणी सांगितले नव्हते. तिने कमरेची चंची सोडली आणि सुपारीकाताच्या खालून कागदाच्या पुड्या काढून लेकीच्या हातात ठेवल्या.

डॉक्टरांनी पुडी तळहातावर उघडली. राख होती. बोटाने पसरल्यावर राखेत पांढरे कण दिसले, आणि त्यात एक कपचा निघाला, सरळ कडेचा आणि मधोमध चर असलेला. राखेला अशी कड नसते. ती गोळीची असते.

"हे रोज देत होता? दोन वर्षं?" त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता नर्सला हाक मारली. "आणि तुम्ही ते एका दिवसात बंद केलंत."

तुटलेल्या औषधाच्याच जातीचे इंजेक्शन शिरेतून गेले. तासाभरात पोराची नाडी बोटाला लागू लागली. दिवेलागणीला मष्णूने डोळे उघडले, सभोवार पाहिले, आणि कुणी रागावेल की काय अशा आवाजात विचारले, "आत्ती, भाकरी हाय?"

व्हरांड्यात सोडून दिलेला भरमू दाराशी उभा होता. त्याने हे ऐकले. डॉक्टरांकडून कळलेले सगळे जयाबाईने त्याला सांगितले, जसे वर्गात सांगावे तसे, एक एक पायरीने. ही गोळी भूक वाढवते. ती मांस आणि हाड खाते आणि चरबी रचते. ती दम थांबवते, हेही खरे. अर्ध्या भाकरीचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. पट्ट्याचाही नाही. भरमूने बरगडी धरून सगळे ऐकले.

"कोण देतो गं ही पुडी, आई?" त्याने विचारले.

"निपाणीच्या बाजारात. आण्णाप्पा." गुण आता गेलाच होता, म्हातारीने नाव घेतले.

दुसऱ्या दिवशी निपाणीचा बाजार होता. भरमू सकाळच्या बसने निघाला, आणि जयाबाई त्याच बसमध्ये चढली. डॉक्टरांनी बजावले होते: हे औषध थोडे थोडे करतच उतरवावे लागेल, आणि त्यासाठी पुडीत या जातीची नेमकी कोणती गोळी आहे, किती आहे, हे कळायला हवे. ते ठाऊक असलेला माणूस या जगात एकच होता. भरमूला तो मेलेला हवा होता. जयाबाईला बोलता हवा होता.

"त्येला हात लावण्याआदी मला इचारू दे," ती वाटेत म्हणाली.

"इचार की," भरमू म्हणाला. "बोलाय आला तर इचार."

आण्णाप्पा बाजाराच्या कडेला चिंचेखाली बसे. पुढ्यात राखेची परात, पुड्यांची टोपली, आणि रांग. भरमू रांग फोडत गेला, त्याने आण्णाप्पाला गळ्याला धरून उचलले आणि परातीवर आदळले. राखेचा लोट उठला. मग त्याने त्याचा हात पाठीमागे नेऊन तालमीत शिकलेल्या पद्धतीने वर चढवला, आणि खांद्याचा सांधा निखळल्याचा आवाज रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"माज्या पोराला काय चारलंस? सांग!"

उत्तर रांगेकडून आले. पहिला दगड भरमूच्या कानावर बसला. "मुकादम हाय त्यो! वखारीतला मुकादम! सोड रं त्येला!" बायका तुटून पडल्या. कुणी चपलेने, कुणी टोपल्याने, एकीने शेजारच्या दुकानातले लोखंडी माप उचलून त्याच्या गळ्याखालच्या हाडावर मारले. हाड मोडले. "धूळ आमच्या छातीत घालतोस, आन् उतारा देणाऱ्याला मारतोस? आमचा दम कोण थांबिवणार? तू?" भरमू खाली पडला. त्याने एकीवरही हात उचलला नाही. पायांखाली तो दिसेनासा झाला.

"त्यो मरंल! सोडा!" जयाबाई ओरडत त्या गर्दीत शिरली. एक बाई वळली आणि तिने जयाबाईवर हात उगारला. तो हात काटकुळा होता. चेहरा मात्र गोल होता, सुजल्यासारखा, तांबडा. जयाबाई थांबली. तिने पलीकडचा चेहरा पाहिला. त्याच्या पलीकडचा पाहिला. रांगेत तंबाखूच्या धुळीने छाती गेलेल्या, वाळक्या हातापायांच्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याजणींच्या मानेवर मष्णूचा चेहरा होता.

पोलीस आले तेव्हा गर्दी फाटली. भरमू जिवंत होता. जयाबाई आण्णाप्पाशेजारी राखेत बसली. गुडघा मुडपून बसली, हे तिला जाणवले.

"एका पुडीत किती गोळ्या कुटतोस?"

"बाई, माजा हात..."

"हात बसवता यील. पोरगं दवाखान्यात हाय. किती?"

"दोन."

"पोरांना?"

"पोरांस्नी बी दोनच. कमी घातल्या की गुण येत न्हाय, आन् गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय." त्याने दुसऱ्या हाताने टोपलीखालचा डबा दाखवला. आत पांढऱ्या, मधे चर असलेल्या गोळ्या होत्या. "कशाच्या हायत मला म्हाईत न्हाय. एजंट देतो. दम्याच्या म्हणून देतो."

त्याने हे खोटे सांगितले असे जयाबाईला वाटले नाही. तिने दोन गोळ्या पदरात बांधल्या आणि बेळगावची बस धरली.

गोळ्या डॉक्टरांनी ओळखल्या आणि त्या हिशेबाने मष्णूचे औषध थोडे थोडे उतरवायला घेतले. त्या स्टेरॉइडच्या होत्या. माणसाच्या मूत्रपिंडावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी असाच रस रोज थोडासा बनवतात. तो बाहेरून भरमसाट मिळू लागला की त्या काम सोडून देतात. मष्णूच्या ग्रंथींनी दोन वर्षांपूर्वी काम सोडले होते. औषधाने त्याचा दम थांबला, भूक अनावर झाली, पोटावर व चेहऱ्यावर चरबी चढली, कातडी पातळ होऊन हलक्या धक्क्यानेही डाग पडू लागले, हाडे ठिसूळ झाली आणि उंची थांबली. म्हणून तो अर्ध्या भाकरीवरही फुगला. बेळगावात त्याच्या आत्याने गोड बंद करायचे म्हणून त्याचा गूळ काढून घेतला आणि माहेरचा म्हणून तो स्वतः खाल्ला; तिचा गुडघा त्यानेच दुखायचा थांबला. गूळ बंद झाला त्या दिवशी मष्णूचे औषध एकदम तुटले, आळशी झालेल्या ग्रंथी जाग्या झाल्या नाहीत, आणि जुलाबाचे निमित्त होताच त्याचे शरीर कोसळले. पेंड त्याने चोरली होती, हे खरे होते. ती चोरी त्याच्या लठ्ठपणाचे कारण नव्हती. दोहोंचे कारण एकच पुडी होती. दमा मुळात बापाच्या कपड्यांतून घरात येणाऱ्या तंबाखूच्या धुळीने झाला होता.